आंबुशीची परदेशी भावंडे

(गेल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचे हे लेखी रूप आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आपल्या सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘रेल्वे सुरक्षा आणि नागरिकांचे कर्तव्य’. मी त्यांना हात जोडून सांगितले की साहेब, वर्षभर मी तेच करतो, बाप्पासमोर तरी मला दुसरे काही बोलू द्या. त्यांनी विचारले, दुसरे काय येते? मी म्हणालो, कुंड्यांत ऑक्झॅलिस लावता येते. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वीस मिनिटांत आटपा.

तर मंडळी, हे ऑक्झॅलिस म्हणजे काही फार लांबचे प्रकरण नाही. आमचा धाकटा पाच वर्षांचा होता तेव्हा गणेश चतुर्थीला सकाळी त्याला अंगणात दूर्वा आणायला पाठवले. सांगितले होते, तीन पाती असलेल्या आण. त्याने ओंजळभर आणून दिले ते तीन पानांचे आंबट गवत, आपली आंबुशी! इकडे त्याला तिनपतिया म्हणतात, आयुर्वेदात चांगेरी. आईने कपाळाला हात लावला, पण मुलगा सांगितल्याबरहुकूम वागला होता. तीन मोजूनच आणली होती. ही आंबुशी म्हणजे ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. लहानपणी शाळेतून येताना आपण सगळ्यांनीच ती चघळलेली आहे. आई तर तिच्या पाल्याने पितळी समया घासत असे. आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा, आणि तेच आम्ल गंजाचे डाग काढायलाही वापरतात, म्हणजे आम्हा रेल्वेवाल्यांच्या ओळखीचे. ‘ऑक्झॅलिस’ हे नावही आंबट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. कोकणातली बिलिंबी आणि इकडचे कमरख हीसुद्धा याच कुळातली मंडळी. या ऑक्झॅलिसच्या जगात पाचशेच्या वर जाती आहेत. त्यांची दोन मोठी माहेरे, एक दक्षिण अमेरिका आणि दुसरे दक्षिण आफ्रिकेतला केपचा प्रदेश. केपमधल्या बहुतेक जाती कंदाच्या. मी बोलणार आहे ते मुख्यतः या कंदवाल्यांविषयी.

कंद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सुरण येईल. तसे नाही. हे कंद हरभऱ्याएवढे, फार तर सोललेल्या शेंगदाण्याएवढे, वर तपकिरी टरफल. मला ते पहिल्यांदा मिळाले ते काड्यापेटीतून.

२०१२ साली मी झांशीपासून दूर एका लहान स्टेशनावर ज्युनिअर इंजिनियर होतो, पी-वे म्हणजे रूळमार्ग विभागात. तिथले स्टेशन मास्तर कालिम्पाँगकडचे, नेपाळी बोलणारे. कालिम्पाँग हे फुलझाडांच्या आणि कंदांच्या नर्सऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव. मास्तर रजेवरून आले की खिशात काही ना काही असायचेच. त्या ऑक्टोबरात त्यांनी माझ्या हातावर काड्यापेटी ठेवली. आत अकरा कंद. म्हणाले, लाव आणि जानेवारीपर्यंत काही विचारू नकोस. आणि पुढे एक अट घातली, ‘अगले साल आधा बाँट देना.’ मला वाटले बौद्ध माणूस आहे, दानाचे महत्त्व सांगतो आहे. नंतर कळले, तसे काही नव्हते. एका वर्षी त्यांचे सगळे कंद उंदरांनी खाल्ले होते.

जानेवारीत एका सकाळी ऑफिसला निघताना कुंडीकडे पाहिले आणि सायकल स्टँडवर लावून परत आलो. बारीक सुईसारख्या पानांवर लांबट कळ्या, पांढऱ्या, आणि प्रत्येकीवर लाल पट्टा पिळासारखा गुंडाळत वर गेलेला. लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकाचा लाल-पांढरा दांडा असतो ना, तोच कोणी एक इंचाचा करून, जरा पिळून, डझनभर उभा केल्यासारखा! याचे नाव ऑक्झॅलिस व्हर्सिकलर. दहाच्या सुमारास ऊन चढले की कळी उघडते आणि फूल वरून बघाल तर पांढरेशुभ्र, कारण लाल किनार पाकळीच्या पाठीमागे असते. ढग आले, संध्याकाळ झाली की पुन्हा मिटते आणि पुन्हा पट्टे दिसतात. ज्यांची नोकरी आठ ते सहा आहे त्यांनी लग्नाच्या बायकोला विचारावे फूल कसे दिसते, त्यांना स्वतःला कळीच दिसणार. रविवारची गोष्ट वेगळी.

आता झांशीत हे का जमते ते सांगतो. केपच्या ज्या भागातले हे कंद, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून कंद थंडीत वाढतो, फुलतो, आणि उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च त्यांना नेमके मानवते. उघड्या जागी कडाक्याच्या रात्री दवाने पाने जरा भाजतात, तेवढे व्हरांड्याशी सरकवून घ्यावे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा ते झोपलेले असतात, त्यांना पत्ताच नसतो. अडचण एकच, आणि मोठी. आपला पाऊस नेमका त्यांच्या झोपेत येतो. झोपलेल्या कंदावर पाणी पडले की तो कुजतो. त्याविषयी पुढे बोलेन.

माझ्या नोकरीचेही हेच वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून वाकण्याची भीती, म्हणून दुपारची गस्त. पावसाळ्यात पाण्याची गस्त. थंडीत रूळ आकसतो आणि कुठे बारीक खोट असेल तर पहाटेच्या गारठ्यात तडकतो, म्हणून रात्रीची गस्त. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर फोन वाजला की हातात घेण्याआधी पोटात गोळा येतो. चाळिशी ओलांडली तसे रक्तदाब वाढल्याचे निघाले. डॉक्टर म्हणाले, कामाचा विचार कमी करा. मी त्यांना म्हणालो, गाड्या कमी करा. असो. एवढे खरे की फ्रॅक्चर दुरुस्त करून, गाडी वीसच्या वेगाने सोडून, धुक्यात घरी यावे आणि चहाचा कप घेऊन या कुंड्यांजवळ बसावे, याने जे होते ते गोळीने होत नाही. गोळीही घेतो मी, गैरसमज नको.

लागवडीतली माझी पहिली चूक ही इंजिनियरची चूक होती. आमच्या खात्यात शिकवतात की रूळमार्गाचा पहिला शत्रू पाणी. म्हणून रुळाखाली खडी, पाणी झरझर निघून गेले पाहिजे. मी कुंडीच्या तळाशी चांगली तीन बोटे खडी घातली, वर माती. आणि कुंडी ओलीच राहू लागली! पुष्कळ डोके खाजवल्यावर उलगडा झाला. बारीक मातीतली पोकळी केसाएवढी, ती पाणी धरून ठेवते. खालच्या खडीतली पोकळी मोठी. मातीचा तळ पुरता चिंब होईपर्यंत पाणी बारीक पोकळीतून मोठ्या पोकळीत उतरतच नाही. म्हणजे खडी घालून मी पाण्याचा तळ तीन बोटे वर आणून ठेवला होता, कंदाच्या जवळ. तेव्हा तळाशी खडी घालू नका. भोकावर एक खापरी पुरे, आणि मातीच वरपासून खालपर्यंत भुसभुशीत करा. माझे प्रमाण असे: दोन भाग चाळून धुतलेली जाड वाळू, एक भाग पानांचे कुजलेले खत, एक भाग बागेची माती. शेणखत भरपूर घातले की पाने माजतात आणि फुले रुसतात.

दुसरी चूक हौसेची. स्टेशनच्या चहावाल्याकडून कुल्हड आणले, बुडाला भोके पाडली आणि त्यांत दोन-दोन कंद लावले. दिसायला फार सुरेख. मार्चनंतर उकरून पाहतो तर वर, मध्ये काही नाही, सगळे कंद बुडाशी चेपटून बसलेले, आणि एक तर भोकात अर्धा अडकलेला, जणू बिनातिकीट पळून चालला होता. यामागे एक गंमत आहे. पुष्कळ जातींत कंदाला एक जाड, पाणीदार मूळ फुटते. ते आधी खोल जाते, आणि मग आकसते. आकसताना कंदाला खाली ओढून नेते. केपच्या उन्हाळ्यात वरची जमीन तापते, खाली जरा गारवा, म्हणून ही सोय. तुम्ही दोन सेंटिमीटरवर लावा, तो आपली जागा आपण शोधतो. मुद्दा एवढाच की कुंडी निदान वीतभर खोल हवी. आणि रिकामी करताना तळापर्यंत चाळायची.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. लावल्यावर एकदा भरपूर, मग पाने दिसेपर्यंत बेताने, फुलांच्या दिवसांत माती वाळू न देता. मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागली की बंद. इथे लोकांचा जीव वर-खाली होतो. झाड मरते आहे असे वाटून ते जास्त पाणी देतात आणि खरोखर मारतात. ते मरत नाही, झोपायला चालले आहे. कुंडी आडवी करून जिन्याखाली ठेवा, नाहीतर कंद चाळून कोरड्या वाळूत, कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. आणि उंदीर लक्षात ठेवा. रेल्वे क्वार्टरमधल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांच्यासाठी ऑक्झॅलिस ट्रायँग्युलारिस आहे, ब्राझीलकडची. जांभळी त्रिकोणी पाने, फुलपाखराच्या पंखांसारखी. आता नर्सरीत सहज मिळते. हिचा कंद गोल नसतो, खवल्या-खवल्यांची लांबट अळीसारखी गाठ असते. खिडकीत वर्षाचे बरेच महिने छान राहते. आपल्या उन्हाळ्यात मात्र तीही पाने टाकते; तेव्हा केरात फेकू नका, पाणी कमी करून सावलीत ठेवा, पुन्हा फुटते. संध्याकाळी हिची पाने छत्री मिटावी तशी देठाशी मिटतात, सकाळी उघडतात. आपल्या आंबुशीचेही तसेच असते, आपण पाहत नाही एवढेच. पानाच्या सांध्याशी एक फुगीर भाग असतो, त्यातले पाणी इकडचे तिकडे झाले की पान हलते. डार्विनने १८८० सालच्या वनस्पतींच्या हालचालींवरच्या पुस्तकात याचे प्रयोग दिले आहेत. त्याने ऑक्झॅलिसची काही पाने टाचण्यांनी उघडी जखडून ठेवली आणि थंडीच्या रात्री आकाशाखाली ठेवली. मिटू दिलेल्या पानांपेक्षा जखडलेल्यांना गारठा जास्त बाधला. मी रात्रीच्या गस्तीवर चाललेल्या चाबीवाल्यांना कानटोपी नीट ओढून घ्यायला सांगतो तेव्हा मला हे आठवते.

एक इशारा. या कुळात काही गुंड आहेत. पिवळ्या फुलांची पेस-काप्री भूमध्य समुद्राकाठी, कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात तण होऊन बसली आहे. आपल्याकडे गुलाबी फुलांची लॅटिफोलिया तेच करते. उपटली की तिच्या बुडाचे बारीक कंद गळून मातीत राहतात, आणि एकाच्या जागी दहा होतात. म्हणून कोणतीही ऑक्झॅलिस कुंडीतच ठेवा, जमिनीत सोडू नका, आणि कुंडीची जुनी माती बागेत ओतू नका. आईचे म्हणणे तर असे, ‘आम्ही जे उपटून टाकतो ते तू पैसे देऊन मागवतोस, आणि वर डिप्लोमा झालेला!’ यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. आणखी एक प्रश्न नेहमी येतो, खाता येते का? आंबुशीची चार पाने चटणीत चालतात, पण मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी ऑक्झॅलेटपासून दूर राहावे. बाहेरून आणलेल्या शोभेच्या जाती कोणीच चाखू नयेत.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. २०१९ च्या जुलैत आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही सगळे महिनाभर भुसावळला होतो. कुंड्या व्हरांड्यात, पागोळीपासून आत, व्यवस्थित कोरड्या ठेवून गेलो. शेजारच्या वहिनी फार मायाळू. इतक्या कुंड्या सुकल्या हे त्यांना पाहवले नाही. त्यांनी महिनाभर रोज सकाळी न चुकता पाणी घातले. परत आल्यावर त्यांनी मला अभिमानाने सांगितले, आणि मी त्यांचे आभार मानले. दुसरे काय करणार? माती उकरली तर व्हर्सिकलरच्या सहाही कुंड्यांत तपकिरी टरफले, आत पाणी. एकही कंद राहिला नव्हता.

मास्तरांना फोन करावा, थोडे कंद मागून घ्यावेत, असे त्या दिवसापासून मनात होते. पण संकोच वाटला. त्यांनी विचारले असते, अर्धे कोणाला दिलेस? आज करू, उद्या करू म्हणत २०१९ गेले, २०२० तर सगळ्यांचेच कसे गेले ते आपण जाणता. एप्रिल २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली हार. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. तेव्हा रोज असे फोटो येत होते. गाड्या चालू होत्या, ऑक्सिजनच्या गाड्याही होत्या, आम्ही कामावर होतो. बसून वाईट वाटायलाही सवड नव्हती.

ऑक्टोबर आला आणि कुंड्या भरताना एकदम आठवले की अर्धे नाही, पण पाचसहा कंद मी एकाला दिले होते. २०१६ मध्ये एका फाटकावर तपासणीला गेलो असता तिथल्या गेटमनने खोलीपुढे झेंडू इतका सुंदर लावला होता की खिशातली पुडी काढून त्याला दिली होती. फाटकाच्या दांड्यासारखे फूल आहे, म्हणून. त्या फाटकावर चौकशी केली तर फाटकच नाही! तिथे सबवे झाला, खोली पाडली, माणूस दुसरीकडे गेला. दोन इंजिनियरांना, एका हजेरी क्लार्कला फोन करून पत्ता लागला. रविवारी मोटारसायकलवर सत्तर किलोमीटर गेलो. वाटेत स्वतःलाच हसत होतो. पाच वर्षांपूर्वी दिलेले पाचसहा शेंगदाणे मागायला कोण जातो?

नव्या फाटकाच्या खोलीमागे रंगाचे रिकामे डबे ओळीने ठेवले होते, फाटक रंगवून उरलेले, काही लाल, काही पांढरे. खोल डबे, बुडाला खिळ्याने पाडलेली भोके. पाच डब्यांत व्हर्सिकलर नुकती उगवून वर आली होती. मी काही बोलण्याआधी तो म्हणाला, ‘साहब, ये तो आप ही के हैं. वहाँ से निकले तो सब छूट गया, ये डिब्बे हम ट्रॉली पे धर के ले आए.’ त्याने एक डबा सरळ उचलून माझ्या मोटारसायकलच्या मागे बांधला. उगवलेली रोपे हलवू नयेत हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला पुढे वाचनात सापडली. माझ्या व्हर्सिकलरला कधी बी धरत नसे. त्याचे कारण असे की या जातींत फुलांचे तीन प्रकार असतात. कोणाची पुष्पयोनीची दांडी लांब, कोणाची मध्यम, कोणाची आखूड. एका प्रकारच्या फुलाला दुसऱ्या प्रकारचा पराग मिळाला तर बी धरते, स्वतःच्याच प्रकारचा सहसा चालत नाही. डार्विनने १८७७ च्या पुस्तकात यावर लिहिले आहे. भिंग घेऊन मी माझी सगळी फुले तपासली, सगळी एकाच प्रकारची. म्हणजे ही वेगवेगळी झाडे नव्हेतच. काड्यापेटीतल्या अकरा कंदांचेच तुकडे होत होत वाढलेले ते एकच झाड आहे. फाटकावरच्या डब्यात आहे तेही, आणि माझ्या व्हरांड्यात आहे तेही. कालिम्पाँगच्या ज्या कुंडीतून मास्तरांनी ते काढले, तेच.

तेव्हापासून मी दर वर्षी वाटतो. आजपर्यंत अठ्ठावीस जणांना दिले आहे, नावांची वही ठेवली आहे, कोणाकडे कधी मागायला जावे लागेल सांगता येत नाही. त्यात शेजारच्या वहिनीही आहेत. त्यांच्या व्हर्सिकलरला गेल्या जानेवारीत माझ्यापेक्षा जास्त फुले होती.

सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. आज तुम्हाला दाखवायला मी एकही फूल आणू शकलो नाही, कारण गणपतीच्या दिवसांत हे सगळे झोपलेले असतात. या टेबलावर ज्या तीन कुंड्या दिसतात त्या रिकाम्या नाहीत, कृपा करून कोणी त्यांत पाणी घालू नये. दाराशी प्रसादाच्या शेजारी कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत चार कंद. दसरा होईपर्यंत पुडी उघडू नका, देव्हाऱ्यात ठेवलीत तर आरतीच्या पाण्यापासून जपा. आणि घेताना वहीत नाव आणि मोबाइल नंबर तेवढा लिहून ठेवा.